धूर आणि दाखला

मोटारवाहनाच्या धुराची तपासणी करून घेऊन तसा दाखला जवळ बाळगणे आपल्या देशात कायद्याने सक्तीचे आहे. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील ११५ व्या नियमान्वये, वाहनाची पहिली नोंदणी होऊन एक वर्ष लोटले की हा दाखला लागतो. भारत स्टेज चार व त्यानंतरच्या मानकांच्या वाहनांस तो वर्षाने, तर त्याआधीच्या वाहनांस सहा महिन्यांनी नवा करून घ्यावा लागतो. लोकांच्या तोंडी त्याचे नाव पीयूसी असे रूढ झाले आहे. या तीन अक्षरांचा अर्थ 'प्रदूषण नियंत्रणात आहे' असा होतो. नियंत्रणात काय आहे, धूर की नुसता कागद, हा प्रश्न मात्र आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. तो आम्हांस विचारावासा वाटला, त्याला एका पत्राचे निमित्त झाले.

आमचे एक स्नेही मूळचे फोंडे तालुक्यातले. नोकरीच्या निमित्ताने ते मध्य प्रदेशातील बोरगाव येथे स्थायिक झाले आहेत. बोरगाव हे सौंसरजवळचे, नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे औद्योगिक वसाहतीचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला; परंतु सरहद्दीची रेघ भाषेला थोडीच कळते! सौंसर-पांढुर्ण्याकडच्या घरांतून आजही मराठी बोलली जाते, आणि २०२३ साली हा भाग छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांचा हा मुलूख. तेथून एका गोमंतकीयाने धुराविषयी पत्र लिहावे, याचे आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले. पत्र वाचल्यावर ते उरले नाही. कारण त्यातली हकीकत पेडणे ते काणकोण कोठेही घडू शकली असती.

स्नेह्यांची गाडी २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी, भारत स्टेज चारची, गोव्यातच नोंदलेली. दाखल्याची मुदत संपत आली म्हणून ते तपासणी केंद्रावर गेले. नळी सायलेन्सरमध्ये घातली गेली, इंजिनाचा वेग वाढविला गेला, आणि यंत्राने गाडी नापास केली. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेबाहेर होता आणि ज्यास लॅम्डा म्हणतात तो आकडाही खाली घसरला होता. गेले काही आठवडे समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटत होता आणि पेट्रोलही जास्त लागत होते, याची संगती त्यांना तेव्हा लागली. केंद्राच्या आवारातच एका परोपकारी गृहस्थाने त्यांस बाजूला घेऊन, थोडे पैसे अधिक दिल्यास यंत्र उद्या 'बरोबर' दाखवील, असे सुचविले. एका गॅरेजवाल्याने याहूनही स्वस्त उपाय सांगितला: तो पिवळा दिवाच काढून टाकण्याचा. आमच्या स्नेह्यांनी दोन्ही सल्ले नाकारले. एक दिवसाची रजा काढून ते नागपुरास गेले, दोष तपासून घेतला, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर काही हजार रुपये मोजून बदलला, आणि परत येऊन त्याच केंद्रावर गाडी उत्तीर्ण करून घेतली. शेवटी ते लिहितात, "कचेरीतले सहकारी मला हसतात. शे-पाचशेत होणारे काम मी हजारांत केले म्हणे. मी खरोखरच मूर्खपणा केला का?"

नाही. परंतु एवढे उत्तर पुरेसे नाही; त्यांस हसणाऱ्यांचीही बाजू नीट समजून घेतली पाहिजे, आणि त्यासाठी हा सेन्सर म्हणजे काय प्रकरण आहे हे आधी पाहिले पाहिजे.

पेट्रोल इंजिनात एक भाग पेट्रोल पुरतेपणी जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की लॅम्डा एक होतो. पेट्रोल अधिक झाले तर लॅम्डा एकाखाली जातो, इंधन अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा अधिक झाली तर लॅम्डा एकाच्या वर जातो. सायलेन्सरच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा जो डबा असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो आणि तो विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. तथापि ते काम तो लॅम्डा एकाच्या अगदी जवळ असेल तरच धडपणे करतो. म्हणून इंजिनातून निघणाऱ्या धुरात किती प्राणवायू उरला आहे हे क्षणोक्षणी पाहून इंजिनाच्या संगणकास कळविणारा एक पहारेकरी लागतो. तोच हा ऑक्सिजन सेन्सर. झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा, प्लॅटिनमचा मुलामा दिलेला, बोटाएवढा हा तुकडा बाहेरची हवा आणि आतला धूर यांतील प्राणवायूची तुलना करून अल्पशी वीज निर्माण करतो. पेट्रोल अधिक असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा अधिक असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो तयार केला आणि १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांत तो प्रथम बसला. आपल्याकडे कन्व्हर्टर आले ते १ एप्रिल १९९५ पासून, चार महानगरांत, शिसेविरहित पेट्रोलासोबत. कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागण्यास २००० साल उजाडावे लागले.

हा पहारेकरी झोपला, किंवा खोटे सांगू लागला, की संगणक बिचारा त्याच्या शब्दावर विसंबतो. 'हवा अधिक झाली' असा खोटा निरोप सतत येत राहिला तर तो पेट्रोल वाढवीत नेतो. मालकाचे पैसे जातात, मागच्या माणसाच्या नाकात विष जाते, आणि जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो व कालांतराने तोही जातो. त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. तेव्हा सहकाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च धरलेला नाही, एवढेच आम्ही आमच्या स्नेह्यांस कळवू इच्छितो. निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही त्यांचा सौदा तोट्याचा नव्हता.

येथे एक इशारा मात्र दिला पाहिजे. दिवा पेटला की सेन्सर बदला, असा सरसकट पवित्रा काही गॅरेजवाले घेतात आणि तो ग्राहकाला नाडणारा असतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट नळीला बारीकशी चीर पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, ठिणगी देणारा प्लग नीट चालत नसेल किंवा तारेचा जोड गंजला असेल, तरी सेन्सरवर आळ येतो. आपल्या किनारपट्टीवर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे असे जोड गंजणे नवलाचे नाही. अशा वेळी नवा सेन्सर घालणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. शिवाय गाडीत बहुधा दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी व एक नंतर. पहिला मिश्रण ठरवितो, दुसरा मुख्यत्वे कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. यांतला कोणता दोषी आहे हे संगणकाच्या स्मृतीत नोंदलेला संकेतांक वाचून आणि प्रत्यक्ष व्होल्ट मोजून ठरविण्याची गोष्ट आहे. आणखी एक. सेन्सर तापून सुमारे तीनशे अंशांवर गेल्याशिवाय नीट काम करीत नाही, कन्व्हर्टरचेही तसेच. त्यामुळे घराजवळच्या केंद्रावर थंड इंजिन नेऊन नापास झालेली गाडी कदाचित निर्दोषही असेल. पंधरावीस मिनिटे चालवून मग तपासणीस न्यावी.

आता सहकाऱ्यांच्या हसण्याकडे वळू. ते हसतात, कारण त्यांना अनुभवाने काही ठाऊक आहे. कायदा कागद मागतो. रस्त्यावर अडविणारा शिपाई कागद पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर धुराचे मानक मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी कडक तरतूद आहे. विमा नूतनीकरणास हा दाखला हवाच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी दिला होता. पुढे २०२४ साली न्यायालयानेच ती अट सैल केली, कारण अटीमुळे अनेक वाहने विम्याविनाच धावू लागली आणि अपघातग्रस्तांच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला. शिक्षेचा धाक असा वाढत गेला. पण ज्याच्या अभावी शिक्षा होते ती वस्तू बाजारात अल्प मोलात मिळत असेल, तर धाकाने धूर कमी होत नाही, वस्तूचा खप तेवढा वाढतो.

हा आमचा निव्वळ तर्क आहे असे कोणी समजू नये. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा दिल्लीतील वाहनप्रदूषणावरचा अहवाल १ एप्रिल २०२५ रोजी तेथील विधानसभेत मांडला गेला. त्यात १.०८ लाखांहून अधिक वाहनांना, त्यांचा धूर मर्यादेबाहेर असल्याची नोंद असूनही, दाखले दिले गेल्याचे आढळले. तपासणी आणि दाखला यांत अवघ्या एका मिनिटाचे अंतर असलेली ७६,८६५ प्रकरणे सापडली. ७,६४३ प्रकरणांत एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून अधिक वाहने तपासल्याची नोंद होती. एका नळीने दोन गाड्यांचा धूर एकदम मोजण्याची ही विद्या कोणत्या पाठशाळेत शिकवितात, हे अहवालात सांगितलेले नाही. राजधानीत, न्यायालयाच्या आणि संसदेच्या सावलीत हे घडत असेल, तर बोरगावात किंवा वाळपईत काय अपेक्षा ठेवावी?

फसवणूक केवळ गरीब गॅरेजवाल्याच्या डोक्यातून निघते, असाही गैरसमज नको. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन या बलाढ्य जर्मन कंपनीचे बिंग फोडले. तिच्या डिझेल गाड्यांतील संगणक, आपण प्रयोगशाळेत तपासणीखाली आहोत की रस्त्यावर धावत आहोत हे ओळखीत असे. तपासणीत तो सोवळे पाळी आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडी. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत हे बसविलेले होते. पकडले गेले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या एका छोट्या चमूमुळे. त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूस यंत्र बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली, एवढेच. आपल्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर, त्याच वर्षी डिसेंबरात, भारतातीलही सुमारे सव्वातीन लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे कंपनीने जाहीर केले. अभियंत्यांच्या फौजेने जे केले आणि दिवा काढून टाकू पाहणारा गॅरेजवाला जे करतो, त्यांत जातीचा फरक नाही. सेन्सरच्या जागी खोटा संकेत देणारे तुकडे बसवून घेणारे महाभागही आहेत. नाकाला लागू नये म्हणून नाकच कापून घेण्याचा हा प्रकार.

आपल्या तपासणीचेच काही अपुरेपण आहे, हेही सांगितले पाहिजे. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. भारत स्टेज चारच्या चारचाकीस उभ्या इंजिनावर अनुक्रमे ०.३ टक्के व दशलक्षात २०० भाग ही मर्यादा आहे, आणि वाढीव वेगावर लॅम्डा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो. डिझेल गाडीची केवळ काजळी पाहिली जाते. ज्या नायट्रोजन ऑक्साइडपायी फोक्सवॅगनची अब्रू गेली, तो या केंद्रांवर आजवर मोजलाच गेलेला नाही. आणि इंजिनाचा संगणक आपला दोष स्वतःच्या स्मृतीत लिहून ठेवीत असता, ती वही उघडून वाचण्याचे काम आपल्या तपासणीत नाही. वैद्याने रोग्याची जीभ पाहावी आणि रोगी स्वतः काय सांगतो ते ऐकू नये, तसे हे झाले.

मग यातून वाट कोणती? आमच्या मते ती नियमांतच लिहिलेली आहे, फक्त तिच्यावर गवत माजले आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने साऱ्या देशासाठी दाखल्याचा एकच नमुना ठरविला, त्यावर क्यूआर संकेत आला, मालकाचा मोबाईल क्रमांक नोंदणे सक्तीचे झाले. याचा पुष्कळ गवगवा झाला. त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट प्रथमच आली आणि तिची कोणी फारशी दखल घेतली नाही: नापास वाहनास द्यावयाची चिठ्ठी. गाडी मर्यादेत बसली नाही तर केंद्राने मालकास ठरावीक नमुन्यात तसे लिहून द्यावयाचे. ती चिठ्ठी घेऊन मालकाने दुरुस्ती करून घ्यावी, किंवा त्या केंद्राचे यंत्रच बिघडले आहे असे वाटल्यास दुसऱ्या केंद्रावर तपासून पाहावे, ही त्यामागची योजना. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी ही चिठ्ठी डोळ्यांनी पाहिली आहे? आमच्या स्नेह्यांस बोरगावच्या बाजूला ती मिळाली नाही. तोंडी 'नापास' एवढेच सांगण्यात आले.

या चिठ्ठीचे मोल मोठे आहे. ती हाती असेल तर नागपूरच्या किंवा मडगावच्या मेकॅनिकला कोणता आकडा किती चुकला हे कळते, आणि नको तो भाग गळ्यात मारणे त्याला अवघड जाते. दुरुस्तीनंतर तोच आकडा खाली आला की नाही, हे ग्राहकाला पडताळून पाहता येते. ती असेल तर नापास होणे ही लपविण्याची बाब राहत नाही. आज स्थिती अशी आहे की नापास झालेल्या माणसासमोर दोनच गोष्टी असतात, मुदत संपत आलेला जुना दाखला आणि समोर उभा असलेला परोपकारी गृहस्थ. चिठ्ठीच्या तारखेपासून दुरुस्तीस काही दिवसांची सवलत द्यावी, त्या मुदतीत ती चिठ्ठी दाखविणाऱ्यास दंड करू नये, असा नियम राज्य सरकारने केंद्राकडून करून घेतला तर प्रामाणिक माणसाला श्वास घ्यायला फट मिळेल. सेन्सर मागवून बसवायला लहान गावात चारआठ दिवस सहज लागतात, हे पणजीत किंवा भोपाळात बसणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावे.

गोव्याने यात पुढाकार का घ्यावा? आपले राज्य लहान आणि दर माणशी वाहनांच्या बाबतीत देशात वरच्या रांगेत. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या दुचाकी आणि मोटारी किनाऱ्यावरच्या अरुंद रस्त्यांवरून दिवसभर फिरतात, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारपेठेत गाड्यांच्या रांगेत अर्धा तास उभे राहिलेल्याला धुराविषयी वेगळे सांगायला नको. २०२० च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज सहामुळे आता दुचाकींतही हे सेन्सर आले आहेत. म्हणजे कालपर्यंत मोटारमालकाचा असलेला हा प्रश्न उद्या स्कूटरवरून बाजारात जाणाऱ्या प्रत्येक घराचा होणार आहे. पोर्तुगीज अमदानीत परक्याचा कायदा मोडण्यात पुरुषार्थ होता. मुलांच्या छातीत धूर जाऊ नये म्हणून आपल्याच लोकप्रतिनिधींनी केलेला नियम शंभर रुपयांत चुकविण्यात तो कसा असेल, हे आम्हांस उमगत नाही.

वाहतूक खात्याकडे आमची मागणी साधी आहे. तपासणीची प्रत्येक नोंद आता संगणकावर जाते. तेव्हा प्रत्येक केंद्राने गेल्या वर्षात किती वाहने तपासली, किती नापास केली आणि किती नापास चिठ्ठ्या दिल्या, हे तीन आकडे केंद्रवार जाहीर करावेत. वर्षभरात एकही गाडी नापास न करणारे केंद्र एक तर स्वर्गात असले पाहिजे किंवा तेथे नळी खुंटीला टांगलेली असली पाहिजे. अशा केंद्रावर आधी माणूस पाठवावा. म्हापसा, डिचोली, फोंडा, वास्को, मडगाव, कुडचडे येथील केंद्रांचे आकडे शेजारी शेजारी आले की तपासणी कोठे होते आणि छपाई कोठे, हे वाचकांना आपोआप दिसेल. खात्याने आकडे द्यावेत. ते छापण्यास आम्ही या पृष्ठावर जागा राखून ठेवीत आहोत.